कडी तुटलेलं पदक

त्या मंगळवारी हुबळीच्या कोप्पीकर रोडवर टांगा पुढे सरकेना. कापडाच्या एका दुकानावरच्या माडीत देवी बोलत होती. तिचं बोलणं कानावर पडावं म्हणून जिन्यापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत माणसं एकमेकांना खेटून उभी होती. दारापुढे चपलांचा ढीग एवढा साचला होता की दुकानदारानं त्यावर फळी टाकून गिऱ्हाइकांना वाट करून दिली होती. देवी आल्यापासून त्याचा धंदा वाढला होता, म्हणून चपलांबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता.

"एनव्वा, अगं बाई, पोर तापलंय की तुझं," जिन्यातली एक म्हातारी कुसुमला म्हणाली. "पुढं हो, पुढं. आईच्या नजरेखाली घाल. घाम सुटून उतरेल."

कुसुम पुढं झाली. तिला देवीच्या नजरेशी कर्तव्य नव्हतं, फक्त कुठंतरी टेकायला जागा हवी होती. खांद्यावर अडीच वर्षांची शांता होती आणि तिचा गरम श्वास मानेवर लागत होता. हा ताप एक दिवसाआड यायचा. आदल्या दिवशी पोर खेळायची, भात मागायची. दुसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरायची आणि मग अंग नुसतं तव्यासारखं. तीन आठवडे असंच चाललं होतं. धारवाडच्या डॉक्टर प्रभंजनरावांनी हिवतापावर कोयनेल दिलं होतं. ते कडूजहर औषध पोरीचं नाक दाबून पाजायचं, तिनं ते ओकायचं आणि पुन्हा पाजायचं, यात कुसुमचे दिवस जात. बावीस वर्षांच्या त्या मुलीला हल्ली उभ्या उभ्या झोप लागायची.

ती आली होती ती सासऱ्यांचे डोळे म्हणून. दत्तोपंतांना मोतीबिंदू झाला होता. धारवाडच्या कोर्टात तीस वर्षं ते दप्तरखान्यात होते. निवृत्त झाल्यावर सप्तापुरातल्या भाड्याच्या घरात त्यांनी दुसरं दप्तर मांडलं, ते प्रसंगानिमित्त पाडलेल्या नाण्यांचं. राज्यारोहण, दरबार, ज्युबिली, एखाद्या संस्थानिकाच्या मुलाची मुंज. त्यातली बरीचशी खरं तर पदकंच होती, कोटाला लावायची; पण दत्तोपंत सगळ्यांना नाणंच म्हणत. असे तेवीस नग होते. प्रत्येकाला एक जाड लिफाफा आणि लिफाफ्यात दाखला. नाणं कधी पाडलं, कुणाला मिळालं, त्याच्याकडून कुणाच्या हाती गेलं, आपल्याला कुणी दिलं, देताना साक्षीला कोण होतं. मिळेल तिथं मूळ पत्रसुद्धा.

"दाखल्याशिवाय नाणं म्हणजे नुसता धातू," असं ते येईल-जाईल त्याला ऐकवत. "त्याला तोंड नसतं. कागद हेच त्याचं तोंड."

तेव्हा हुबळीत एक बाई डोळे बांधून नुसत्या स्पर्शानं नाण्याचा इतिहास सांगते हे कानावर आल्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला नसता तरच नवल. "लबाडी आहे," ते म्हणाले होते. "दोन मिनिटांत उघडी पाडतो." तपकिरीच्या डबीत तीन नाणी घालून, दाखले मुद्दाम घरी ठेवून ते निघाले होते.

माडीत उदाचा धूर कोंदला होता. मध्ये चौरंगावर अंगात देवी येणारी जयलक्ष्मीअक्का बसली होती, तिशीची, हडकुळी, डोळ्यांवर लाल पट्टी. बाजूला तिचे दीर वादिराजशास्त्री, जरीचं उपरणं पोटावर सावरत, घाम पुसत, अखंड बोलत.

"या, अण्णा, या! बाई, तुम्हीपण! इथं वकील नाही, मुन्सफ नाही, तारीख नाही! नाणं तेवढं आईच्या मुठीत द्या आणि त्याचा जन्म ऐका, कर्म ऐका! सोनार खोटं बोलेल, सराफ खोटा बोलेल, आई खोटं बोलेल?"

"इल्ला!" गर्दी ओरडली. नाही!

एका कोष्ट्यानं रुपया पुढे केला. अक्कानं मूठ मिटली, घुमली. "हा रुपया हातात धरून एक बाई रडलेली आहे."

कोष्टी मटकन खाली बसून रडायला लागला. लोकांनी हात जोडले. कुसुमच्या मनात आलं, कुणी रडलं नाही असा रुपया या हुबळी-धारवाडात असेल का एखादा? पण तेवढाही विचार धरून ठेवायची ताकद तिच्यात नव्हती.

मग दत्तोपंतांनी डबी उघडली. पहिलं नाणं. अक्काचा अंगठा काठावरून सावकाश फिरला, मधल्या भोकावर थांबला. "बेळगावचा वकील. लिलावात घेतलं. कागदावर शाई सांडलेली आहे."

खरं होतं. शाईच्या डागासकट खरं होतं.

दुसरं नाणं. "राणीच्या ज्युबिलीचं. मास्तराला मिळालं. मास्तरानं जावयाला दिलं."

तेही खरं.

तिसरं एक पदक होतं. वरची कडी तुटलेली, दोन्ही बाजू झिजून आरशासारख्या सपाट. अंगठा तुटक्या कडीवर गेला, सपाट पाठीवरून दोनदा फिरला. "डाक," अक्का घुमली. "डाकेची थैली... काठीला घुंगरं... लक्ष्मेश्वराच्या वाटेनं पळतोय. नव्या ज्युबिलीला साहेबानं छातीला लावलं."

"चूक," दत्तोपंत म्हणाले. पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

शास्त्रीबुवांनी तेवढ्यात शांतेच्या कपाळाला हात लावला. "आई! हे लेकरू कशानं तापतं?"

अक्काची मान गरगर फिरली. "मेलेल्यांच्या छातीवरची नाणी घरात कोंडली. ते सुटका मागतात. लेकराला तापवतात. कडू पाणी बंद करा. येत्या पौर्णिमेला सगळी नाणी माझ्या पायाशी आणा." एवढं बोलून ती थांबली, आणि मग जरा घाईनं म्हणाली, "कागदांसकट."

*

दुसऱ्या दिवशी शांतेला ताप नव्हता.

"बघितलंस?" गोदावरीबाई, म्हणजे कुसुमच्या सासूबाई, देवापुढे निरांजन लावत म्हणाल्या. "नुसते देवीच्या पायाशी जाऊन आलात तर उतरला."

"सासूबाई, एक दिवसाआडच येतो तो. आज नसायचाच."

"तुझं आपलं काहीतरी! चांगलं झालं की नाट लावायचा."

त्यांनी कोयनेलची बाटली उचलून देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. त्या दुष्ट नव्हत्या. तीन आठवडे नातीचं किंचाळणं ऐकून त्यांच्याही जिवाचं पाणी झालं होतं. कुसुमनं हात धरला तेव्हा त्या रडतच म्हणाल्या, "तुला शांतेच्या गळ्याची शपथ आहे, पौर्णिमेपर्यंत तिला ते पाजलंस तर."

शपथ म्हणजे नुसता शब्द, हे कुसुमच्या डोक्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, आज पोरीचं नाक दाबायचं नाही, या विचारानं तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून तिचं तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी दुपारी शांता पुन्हा थडथडू लागली. "नाणी अजून घरात आहेत ना," सासूबाई म्हणाल्या. शुक्रवारी उतरला, "देवी जागी आहे." शनिवारी पुन्हा चढला. ताप असला तरी देवी खरी, नसला तरी खरी. कुसुम पोरीला पाठुंगळी मारून डॉक्टरांकडे गेली. प्रभंजनरावांनी शांतेची पापणी खाली ओढली, पोट दाबलं.

"प्लीहा किती वाढलीय बघा. रक्त उरलेलं नाही हिच्यात. आणखी चार-पाच वेळा असा ताप आला तर माझ्याकडे आणू नका, बाई. मला बघवणार नाही."

पौर्णिमेला बारा दिवस होते. कुसुमनं बोटं मोजली. बारा दिवसांत सहा वेळा.

*

दुपारी शांता निजली की कुसुमला तासभर मिळायचा. त्या तासात ती मामंजींचं लेखनकाम करायची. तिचं अक्षर टपोरं, आणि दत्तोपंतांना आपल्या सुनेच्या अक्षराचा भारी अभिमान. सोमवारी त्यांनी हाक मारली.

"कुसुम, दौत घे. अकरा नंबरचा दाखला नव्यानं लिहायचा आहे."

अकरा नंबर म्हणजे ते कडी तुटलेलं पदक. कुसुमला तेवीसांत तेच जवळचं होतं. दिल्लीच्या दरबाराचं ते पदक गरग गावच्या एका सुभेदाराला मिळालं होतं. सुभेदार मेसोपोटेमियाच्या लढाईत पडला. त्याच्या आईनं पदक देव्हाऱ्यात ठेवलं आणि ती रोज चिंचेनं, राखेनं घासून त्याला हळदकुंकू लावत राहिली. एक-दोन नव्हे, वीस वर्षं. राजाचा चेहरा, राणीचा चेहरा, अक्षरं, सगळं त्या आईच्या बोटांखाली पुसलं गेलं. म्हातारी गेल्यावर धाकट्या मुलानं ते दत्तोपंतांना दिलं, फौजेतून आलेल्या मूळ पत्रासह. आता पदकावर काहीही वाचता येत नव्हतं. ती आई उरली होती ती फक्त त्या दाखल्यात.

"काय लिहायचं, मामंजी?"

"लिही. हे पदक लक्ष्मेश्वराच्या वाटेवरील डाकवाल्यास अलीकडच्या ज्युबिलीप्रसंगी..."

"पण ते सुभेदाराचं!"

"मीही तसंच समजत होतो." म्हाताऱ्याचा आवाज थकलेला होता. "देवीनं पहिली दोन बिनचूक सांगितली. मग तिसऱ्यातच ती कशी चुकेल? माझाच कागद चुकीचा असणार. तीस वर्षं कागदावर विश्वास ठेवला, कुसुम. देवीनं दुरुस्त केलं."

"मामंजी, डाकवाल्याला पदक मिळून पुरती तीन वर्षं झाली नाहीत. तीन वर्षांत चेहरा एवढा झिजतो?"

"देवीच्या मनात आलं तर झिजतो."

कुसुमनं दौत घेतली, कागद घेतला, आणि लक्ष्मेश्वराचा 'ल' काढताना तिचा हात थांबला. हे शब्द तिनं एकदा लिहिले होते. ह्याच हातानं, ह्याच शाईनं.

ती उठली. फडताळातल्या पत्र्याच्या पेटीत लेखनाच्या नकला असत. कुठलाही कागद बाहेर जाताना खाली कार्बन ठेवून प्रत घ्यायची, हा दप्तरखान्याचा शिरस्ता दत्तोपंतांनी घरीही चालू ठेवला होता. चार महिन्यांपूर्वी गदगहून कुणा बी. आचार्यांचं पत्र आलं होतं. आपणही हौशी संग्राहक आहोत, अदलाबदलीसाठी आपल्या संग्रहाची संपूर्ण यादी पाठवावी, 'प्रत्येक नगाच्या अंगावरील खुणा व मूळ दाखल्याच्या सारांशासह'. दत्तोपंत इतके खूश झाले की कुसुमला त्यांनी तेवीस नगांची यादी लिहायला बसवलं. शांता तेव्हा दात येऊन रडत होती. एका मांडीवर पोर आणि दुसऱ्या मांडीवर पाटी.

कार्बनची निळी प्रत तिनं उजेडात धरली. डाव्या रकान्यात खुणा, उजव्यात दाखला.

अकरा: कडी तुटलेली, दोन्ही बाजू सपाट. समोर, तिच्याच टपोऱ्या अक्षरात: लक्ष्मेश्वराच्या वाटेवरचा डाकवाला, घुंगरांची काठी, नव्या ज्युबिलीला साहेबाच्या हस्ते.

बारा: कडी शाबूत, चेहरा स्वच्छ. समोर: गरगचे सुभेदार.

उजव्या रकान्यात दोन ओळी उलट्यासुलट्या पडल्या होत्या. चूक तिची होती, पेंगत लिहिताना झालेली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी दत्तोपंतांनी न तपासता सही केली होती. आणि तीच चूक, ओळीच्या ओळ, देवीच्या तोंडून बाहेर पडली होती.

हसावं की रडावं कुसुमला कळेना. एवढी सर्वज्ञ देवी, आणि तिला कुसुमच्या डुलकीपलीकडचं काही दिसलं नव्हतं!

"मामंजी," ती म्हणाली, "माझा गुन्हा आहे. ऐकून घ्या." आणि तिनं सगळं सांगितलं.

दत्तोपंतांनी प्रत नाकाशी धरून दोनदा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे देवीनं तुझ्या हातून तेव्हाच खरं लिहवून घेतलं होतं."

कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी रागाचं नव्हतं, नुसतं दमणुकीचं. बुडणारा माणूस दगडालाही धरतो तसं मामंजींनी देवीला धरलं होतं, कारण नात तापत होती आणि आपल्या नाण्यांनी ती तापते या कल्पनेनं त्यांची झोप उडाली होती.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्या कोर्टात कुणी साक्षीदार आणला की त्याला एकच प्रश्न विचारून सोडत होते का?"

"छे. दुसरा विचारायचा. उलटा विचारायचा."

"मग देवीलाही दुसरा विचारू. यादीत नसलेलं काहीतरी मुठीत देऊ. देवी खरी असली तर खरं सांगेल. मी पौर्णिमेला तेवीसच्या तेवीस लिफाफे स्वतः डोक्यावर घेऊन चालत हुबळीला येईन."

म्हाताऱ्यानं मान वर केली. दप्तरखान्यातला माणूस कुठंतरी जागा झाला असावा. "चल," ते म्हणाले. "बघच. आई हसून सांगेल."

*

कुसुमचा नवरा श्रीकांत हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात लेथवर होता. तिथंच खोली करून राहायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. मंगळवारी सकाळी पहिल्या गाडीनं कुसुम त्याच्या खोलीवर धडकली, शांता कडेवर आणि ते पदक रुमालात. त्यानं पदक उलटंसुलटं केलं.

"अशीच एक चकती, एवढंच ना? फोरमनला विचारून भंगारातला पितळेचा तुकडा घेतो. सोपं आहे." मग कुसुमकडून बाकीचं ऐकलं आणि शांतेकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "हिचं काय झालंय हे? आईनं औषध बंद केलं, आणि मला कुणी कळवलं नाही?"

"कळवायला बसले तरी झोप लागायची हो," कुसुम म्हणाली.

शुक्रवारी चकती तयार झाली. तोच आकार, तीच जाडी, दोन्ही बाजू घासून गुळगुळीत, आणि वरची कडी पक्कडीनं अर्धी तोडलेली. रविवारी सकाळी सगळे कोप्पीकर रोडवर हजर झाले, सासूबाईंसकट. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती, आणि कुसुमच्या हट्टामुळं बाटलीही त्यांच्या पिशवीत.

दत्तोपंतांना पाहून शास्त्रीबुवांचं उपरणं नुसतं फुललं. "आले! लोकहो, हे पाहा! कोर्टातले मोठे दप्तरदार! परवा परीक्षा घ्यायला आले होते, आज शरण आलेत! अप्पा, कागद आणलेत ना?"

"कागद पौर्णिमेला. आज एकच नग आहे." दत्तोपंतांनी स्वतःच्या हातानं चकती अक्काच्या तळव्यावर ठेवली. "आई, एकदाच सांग. हे कुठलं?"

अक्काचा अंगठा काठावरून फिरला. तुटक्या कडीवर थांबला. सपाट पाठीवरून दोनदा गेला.

"डाक," ती घुमली. "डाकेची थैली... काठीला घुंगरं..."

"जय आई!" गर्दी.

"आई," दत्तोपंत म्हणाले, "नीट बघ. तोच?"

"लक्ष्मेश्वराच्या वाटेनं पळतोय. साहेबानं छातीला लावलं."

दत्तोपंतांनी डोळे मिटले. त्या क्षणी त्यांच्याकडे कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, ह्या माणसाचं काहीतरी मोठं हरवलं, आणि काहीतरी मोठं सापडलं.

"श्रीकांत," ते म्हणाले, "तू सांग."

श्रीकांत पुढे आला. "ही चकती शुक्रवारी जन्मली. मी काढली, लेथवर. सकाळी दहा वाजता. डाकवाला काही मला दिसला नाही."

मग मागून कुणीतरी विचारलं, "मग शुक्रवारी पळत कोण होता रे?" आणि जिन्यापर्यंत हशा पसरला.

शास्त्रीबुवांनी हात वर केले. "थांबा! अज्ञान्यांनो! पितळेलाही पूर्वजन्म असतो!"

"असतो की!" एक भांडीवाला बोगार ओरडला. "माझ्याकडं घंगाळ होतं ते मागल्या जन्मी! नेलं का चोरून?"

कुसुम उठली. शांता खांद्यावर होती. तिला खाली ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. तिचा आवाज मोठा नव्हता, पण बायका गप्प झाल्या म्हणून पुरुषही झाले.

"ही यादी मी लिहिली," ती म्हणाली आणि निळा कागद पुढे केला. "आमच्या नाण्यांची. कुणा आचार्यांनी मागवली, आम्ही पाठवली. डाव्या बाजूला खुणा आहेत: कुणाला भोक, कुणाची कडी तुटलेली, कुठं चीर. उजव्या बाजूला इतिहास. अक्कांनी ती पाठ केली. डोळे बांधलेले असले तरी बोटं मोकळी आहेत. बोटाला खूण लागली की तोंडातून ओळ येते. यात एवढंच आहे, दुसरं काही नाही. परवा देवीनं जे चुकीचं सांगितलं, ती माझी चूक. पेंगत लिहिताना दोन ओळी बदलल्या. माझी चूक देवीला कशी माहीत, ते तुम्हीच विचारा. आणि देवीला दाखले कशाला हवेत तेही विचारा. दाखल्याशिवाय ही नाणी बाजारात कुणी घेत नाही, म्हणून."

"आचार्य तुम्हीच का हो?" दत्तोपंतांनी शास्त्रीबुवांना विचारलं. बुवा जिन्याकडे सरकत होते, आणि बोगार त्यांच्या वाटेत उभा होता.

जयलक्ष्मीअक्कानं पट्टी सोडली. तिच्या डोळ्यांखाली कुसुमच्या डोळ्यांखाली होती तशीच काळी वर्तुळं होती. तिनं कुणाकडं तरी पाणी मागितलं, प्यायली, आणि दत्तोपंतांकडे बघून कोरड्या आवाजात म्हणाली, "तेवीस ओळी. तीन आठवडे पाठ केल्या मी, भावजींचा मार खात. माझी एक ओळ चुकली नाही. चुकलं ते तुमच्याकडं."

त्यावर कुणी हसलं नाही.

गोदावरीबाई गर्दीतून वाट काढत कुसुमपर्यंत आल्या. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. "सुटली ग," त्या म्हणाल्या. "शपथ सुटली. सुटली म्हण."

"सुटली," कुसुम म्हणाली.

तिथंच, चौरंगाशेजारी, सासूबाईंनी पोरीचे पाय धरले, श्रीकांतनं हात, आणि कुसुमनं चमचा भरला. शांतेनं अर्धं ओकलं. पुन्हा भरला.

*

शांता वाचली. लगेच नाही, पुढं दोनदा ताप आला, मग नुसती कणकण, मग तीही गेली. दोन महिने ती पांढरीफटक होती. कोयनेल एका दिवसात बरं करत नाही, म्हणून त्याच्यापुढं कुणी नारळ फोडत नाही.

दत्तोपंतांनी अकरा नंबरचा जुना दाखला होता तसाच ठेवला आणि खाली नवी ओळ लिहवून घेतली: 'यादीतील चूक तपासली, मूळ पत्राशी पडताळली. सुभेदाराच्या आईचंच.' सही करण्याआधी ती त्यांनी कुसुमकडून तीनदा वाचून घेतली.

हुबळीतली ती माडी रिकामी झाली. पण त्या गर्दीतली निम्मी माणसं पुढच्याच महिन्यात तारिहाळच्या बाजूला कुणा पाणी मंतरणाऱ्याकडे गेली, हेही सांगितलं पाहिजे. एक लबाडी उघडी पडली की माणसं शहाणी होतात असं नाही. ती दुसरीकडे जातात, कारण त्यांच्या कडेवर अजून कुणीतरी तापलेलं असतं.

म्हणून ज्यांच्या डोक्यात थोडा उजेड आहे त्यांना एवढंच सांगणं. नाणं हातात आलं की विचारता ना: कुठून आलं, कुणी पाहिलं, कागद कुठं? तेच चमत्काराला विचारा. एकदा विचारून थांबू नका, उलटा विचारा. देवाला प्रश्नाचा राग येत नाही, तो दलालाला येतो. आणि औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर तो कितीही मोठा असो, तिथून उठा.

पण घरात आधी त्या आईकडे बघा. तीन आठवडे न झोपलेल्या बाईला विचार कर म्हणून सांगणं सोपं असतं. तिच्या मांडीवरचं मूल आपल्या मांडीवर घ्या, दार लोटून घ्या, तिला दोन तास निजू द्या. उठल्यावर ती विचार करील. तिला तो येतो.